मागेल त्याला पुस्तक

बाईंना पुस्तकांची हौस, असं सगळे म्हणत; पण ते अर्धंच खरं होतं. वाचायची हौस होतीच, नाही कशाला म्हणा. पण त्याहून मोठी हौस होती ती हवं ते पुस्तक हव्या त्या माणसाच्या हातात पडताना बघण्याची. एखादा विद्यार्थी काउंटरवर येऊन चाचरत पुस्तकाचं नाव सांगायचा, बाई आत जाऊन ते घेऊन यायच्या, आणि त्याचा चेहरा खुलला की त्या दिवशी घरी भाजीत मीठ दुप्पट पडलं तरी त्यांना पत्ता लागायचा नाही. नवरा पहिला घास घेऊन म्हणायचा, "आज कुणाचं तरी भलं झालेलं दिसतंय. माझं कधी होणार?"

कॉलेजच्या ग्रंथालयात त्या ग्रंथपाल होत्या. खाली लांब टेबलांचा वाचनकक्ष, दारापाशी काउंटर, आणि वर लोखंडी कपाटांच्या रांगा. वर जायचा जिना इतका अरुंद, की समोरून कुणी आलं तर दोघांपैकी एकानं मुकाट मागं फिरायचं. हाताखाली माणसं म्हणाल तर एक मावशी. नेमणूक शिपायाची, पण पुस्तकं लावणं, पुसणं, मोजणं आणि पोरांना दटावणं ही सगळी कामं त्यांच्याच गळ्यात. बाकीच्या जागा कधीच्या रिकाम्या होत्या आणि त्या भरतील ही आशा बाईंनी सोडून दिली होती.

पुस्तकखरेदीची जुनी रीत म्हणजे नुसता पोरखेळ होता. वर्षअखेर जवळ आली की एकेका विभागप्रमुखाला जाग यायची. वर्षभर ग्रंथालयाकडं न फिरकणारी माणसं अचानक पुस्तकांच्या काळजीनं व्याकूळ व्हायची. त्याच सुमाराला विक्रेता यायचा. त्याला सगळे बॅगवाला म्हणत, कारण दोन फुगलेल्या बॅगांशिवाय त्याला कुणी पाहिलंच नव्हतं. तो प्राध्यापकांच्या खोलीत बसायचा, सगळ्यांना चहा पाजायचा, आणि प्रमुख मंडळी गप्पा मारता मारता त्याच्या यादीवर खुणा करायची. मग पुस्तकं यायची, त्यांच्यावर शिक्के बसायचे, आणि ती वरच्या कपाटात जाऊन बसायची ती बसायचीच. दहा वर्षांनी उघडलं तरी नव्या बांधणीचा कट् असा आवाज यायचा. तो आवाज ऐकला की बाईंच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

मग अनुदानाला कात्री लागली. थोडीथोडकी नाही, पार निम्म्यावर. प्राचार्यांनी बैठक बोलावली. हे प्राचार्य तसे नवे, माणूस सरळ, पण आकडा समोर असल्याशिवाय त्यांना धीर यायचा नाही. प्रत्येक विभागाचा वाटा किती कापायचा यावर चांगलीच जुंपली. बाई एरवी बैठकीत मूग गिळून बसायच्या. त्या दिवशी त्या उभ्या राहिल्या तेव्हा सगळ्यांच्या माना वर झाल्या.

"आपण आधी पुस्तक आणतो आणि मग त्याला वाचणारा शोधतो," त्या म्हणाल्या. "एकदा उलट करून बघू या. आधी वाचणारा येऊ दे. तो मागेल ते आणू. कुणी न मागितलेलं एकही पुस्तक आणायचं नाही."

"म्हणजे काय आणायचं ते पोरं ठरवणार?" एक प्रमुख म्हणाले. "मग आम्ही इथं कशाला आहोत?"

"तुम्हीही मागा ना. पण मागितलेलं वाचा."

खोलीत कुणीतरी फिस्सकन हसलं. प्राचार्यांनी मात्र पेन उघडलं.

बाईंनी व्यवस्था मोठ्या विचारानं बसवली. हवं असलेलं पुस्तक काउंटरवर चिठ्ठीनं मागायचं. दोन वाचकांनी मागितलं की त्याच आठवड्यात मागणी जाणार. आणि कुठल्या विषयाला किती पैसा, हेही वाचकच ठरवणार. ज्या विषयाची पुस्तकं वापरली जातात त्याला जास्त, ज्याची धूळ खातात त्याला कमी. आता वापर मोजायचा कसा? घरी नेलेल्या पुस्तकावर तारीख पडते, ते सोपं. पण बरेचजण तिथंच बसून वाचतात. त्यासाठी बाईंनी जागोजागी पाट्या लावल्या: वाचून झाल्यावर पुस्तक टेबलावरच ठेवा, कपाटात परत ठेवू नका. संध्याकाळी मावशी टेबलांवरची पुस्तकं गोळा करणार, विषयवार मोजणार आणि मग जागेवर लावणार. पोरं पुस्तकं हमखास भलत्याच जागी खुपसतात, तो त्रासही वाचला. सगळ्या ग्रंथालयांत असंच मोजतात. यात कुठं चूक असेल असं कुणाच्या मनातसुद्धा आलं नसतं.

पहिले काही महिने बाईंना आभाळ ठेंगणं झालं. मागितलेलं पुस्तक खरंच येतं हे कळल्यावर काउंटरवर गर्दी होऊ लागली. मानसशास्त्राचा एक मुलगा आला, बोलताना अडखळणारा. त्याला अडखळण्यावरचंच पुस्तक हवं होतं, आणि त्याचं नाव सांगताना बिचाऱ्याचा जीव नुसता मेटाकुटीला आला. बाईंनी घाई केली नाही. नाव पूर्ण होईपर्यंत शांत बसून राहिल्या. ते पुस्तक मागणारा दुसरा कुणी येणार नव्हता, हे उघड होतं. तेव्हा दुसरी चिठ्ठी बाईंनी स्वतःच्या नावानं भरली. मावशी बघत होत्या. बाई म्हणाल्या, "मीही वाचणार आहे," आणि खरंच वाचलं.

पण सुख फार दिवस टिकत नाही, निदान ग्रंथालयात तरी. परीक्षा जवळ आली आणि गाइडं आली. वाचकाला हवं ते आणायचं म्हटलं, तर वाचकाला गाइड हवं होतं. एकाच गाइडसाठी चिठ्ठ्यांचा ढीग पडला. बाईंनी गाइडांना मर्यादा घातली तशी मुलं रुसली, पालकांनी तक्रार केली, आणि "मागेल त्याला पुस्तक ना, मग आता का नाही?" असं त्यांचंच वाक्य त्यांच्या तोंडावर मारलं गेलं. त्या नवऱ्याला म्हणाल्या, "मला वाटलं होतं, माणसं काहीतरी चांगलं मागतील." तो म्हणाला, "माणसं पास व्हायचं मागतात. त्यात वाईट काय?" तेही खरंच होतं, आणि म्हणूनच बाईंना जास्त लागलं.

आणि मग होता भूशास्त्राचा प्रश्न.

भूशास्त्र म्हणजे दगडांचा विभाग. कॉलेजातली पोरं त्या मुलांना दगडवाले म्हणत. आणि दगडवाल्यांचा प्रमुख म्हणजे बाईंचा सख्खा मोठा भाऊ. प्रमुख कसला, विभागात तो एकटाच होता. आईवडील लवकर गेले तेव्हा बाई शाळेत होत्या. दादानं त्यांना सांभाळलं, शिकवलं, ग्रंथालयाचा अभ्यासक्रम करायलाही त्यानंच पाठवलं, आणि या सगळ्यात स्वतःचं लग्न करायचं राहून गेलं ते गेलंच. आता तो बाईंकडंच राहायचा, पुढच्या खोलीत, खाटेखाली दगडांचे खोके घेऊन. कॉलेजात तो त्यांना "ग्रंथपाल बाई" म्हणायचा आणि त्या त्याला "सर". जिन्यावर गाठ पडली की मागं कुणी फिरायचं यावरून दोघांची "तुम्ही आधी, तुम्ही आधी" चालायची, आणि मावशींना हसू आवरायचं नाही.

योजना सुरू झाल्यापासून भूशास्त्राची एकही चिठ्ठी आली नव्हती. टेबलावर त्यांचं पुस्तक कधी सापडत नव्हतं. घरी पुस्तक नेणारंही कुणी नाही, कारण त्या विषयाची निम्मी पुस्तकं नकाशांची, दोन हातांत न मावणारी, आणि मुलं लांबून पायी येणारी. आकड्यांच्या कागदावर सगळ्या विषयांपुढं काही ना काही होतं. भूशास्त्रापुढं शून्य.

बाई हबकल्या. दादाच्या निवृत्तीला थोडी वर्षं राहिली होती, आणि विभाग आधीच कुडीत प्राण धरून होता. प्राचार्यांच्या हातात हा कागद गेला तर काय होईल, हे सांगायला ज्योतिषी नको होता. एका संध्याकाळी ताटं वाढताना त्यांनी विषय काढलाच.

"दादा, तुझ्या मुलांना सांग की. काहीतरी मागा म्हणावं."

"काय मागू दे?"

"पुस्तक. नवं काही आलंच असेल ना तुमच्यात?"

"अगं, दगड तेच आहेत," दादा म्हणाला. "आमची पुस्तकं जुनी झाली तरी खोटी होत नाहीत. जी हवीत ती तुझ्याकडं आहेत, आणि ती कुठं आहेत हे मुलांना डोळे मिटून ठाऊक आहे. उगाच मागायचं कशाला? पैसा दुसऱ्या कुणाच्या कामी येऊ दे."

"पण तुमची मुलं वाचतात असं दिसायला नको का?"

"वाचतात. दिसायला कशाला हवं?"

बाईंनी डाव ताटावर आपटला. बाईंचा नवरा वीज कंपनीत घरोघर जाऊन मीटरची नोंद घ्यायचा. तो मध्येच म्हणाला, "आमच्यात रीडिंग शून्य आलं की आधी मीटर तपासायला माणूस पाठवतात हं. घरात माणसं राहत नाहीत असं लगेच नाही म्हणत."

"पुस्तकं म्हणजे वीज नव्हे," बाई त्याच्यावर उखडल्या, आणि तो विषय तिथंच राहिला.

त्या वर जाऊन बघू शकल्या असत्या. भूशास्त्राची कपाटं वरच्या मजल्यावर अगदी मागं, खिडकीजवळ होती. दुपारी कधीही गेल्या असत्या तरी चाललं असतं. पण कॉलेजात आधीच कुजबुज होती. बहिणीच्या हातात खरेदी, मग भावाचं फावणारच, असं बॅगवाल्यानं चहा पिता पिता कुणाला तरी सुनावलं होतं. त्याचा धंदा बसला होता, त्याला तेवढंच हवं होतं. ते बाईंच्या कानावर आलं तेव्हापासून त्यांनी कानाला खडा लावला. भूशास्त्राच्या बाबतीत एक पाऊल इकडचं तिकडं टाकायचं नाही. सगळ्यांना जो नियम, तोच दादाला. आकडे येतील तसे येऊ देत. आपण किती सरळ वागतो आहोत, याचा त्यांना मनातून थोडा अभिमानही वाटत होता, खोटं कशाला बोला.

दुसऱ्या वर्षाअखेर कागद प्राचार्यांकडं गेला. बाईंच्याच सहीचा. प्राचार्यांनी तो कॉलेज चालवणाऱ्या मंडळापुढं ठेवला, आणि मंडळ तर निमित्ताच्या शोधातच होतं. ज्या विभागाची पुस्तकं दोन वर्षांत कुणी हातात धरली नाहीत, तो विभाग चालवायचा कुणासाठी? ठराव झाला. नवे प्रवेश बंद, आहे ती तुकडी बाहेर पडली की विभाग बंद. दादाची बदली मंडळाच्याच शाळेत, लहान मुलांना सामान्य विज्ञान शिकवायला. दगडांचा संग्रह पेट्यांत भरून तळघरात.

दादानं बदलीचा कागद वाचला, घडी घातली, आणि चहा मागितला. बाईंनी चहा केला. त्यांना म्हणायचं होतं, मी तुला सांगितलं होतं. नशीब, म्हणाल्या नाहीत.

"वापरली नाहीत म्हणतात," दादा म्हणाला. "असेल. मी काही पहारा देत नव्हतो. मुलांनी निदान पुस्तकं तरी बघावीत, एवढंच सांगत होतो. खोटंच मान डोलवत असतील माझ्यापुढं." त्यानंतर त्यानं उरलेल्या तुकडीला शिकवलं खरं, पण पहिल्यासारखं नाही. वर्गातून लवकर यायचा. जेवताना मुलांच्या गोष्टी सांगायचा बंद झाला. जन्मभर ज्या पोरांच्या भरवशावर माणूस जगला, त्या पोरांवरचाच त्याचा विश्वास उडाला, हे बाई रोज समोर बसून बघत होत्या.

ती तुकडी बाहेर पडली आणि बाईंना आदेश आला: भूशास्त्राची कपाटं रिकामी करा, तिथं संगणक बसवायचे आहेत. पुस्तकं रद्द करून रद्दीत काढा. बाई फडकं घेऊन वर गेल्या. धूळ फार असणार म्हणून नाकाला रुमाल बांधला होता.

कपाटाचं दार उघडलं. धूळ नव्हती.

त्यांनी पहिलं पुस्तक काढलं. हातात घेताच ते आपोआप उघडलं, मधोमध, इतकी त्याची बांधणी सैल झाली होती. पानांचे कोपरे झिजून गोल झाले होते. जिथं बोट लागतं तिथं काळपट डाग, आणि पानांच्या बेचक्यात बारीक करडी माती. दुसरं काढलं, तेही तसंच. तिसऱ्याची पाठ कुणीतरी कापडी पट्टी लावून नीट चिकटवली होती, ग्रंथालयातल्या कुणी नाही, कारण आमच्याकडं तसलं कापड कधी नव्हतंच, असं बाई नंतर सांगायच्या. नकाशांचे मोठे ग्रंथ घड्यांवर फाटत आले होते. सगळ्या ग्रंथालयात इतकी वापरलेली पुस्तकं दुसरीकडं कुठंच नव्हती, गाइडं धरूनसुद्धा. आणि प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी तारखांचा कागद कोरा.

बाईंनी जिन्याच्या तोंडाशी जाऊन मावशींना हाक मारली.

"मावशी, दगडवाली मुलं इथं यायची का हो?"

"यायची म्हणजे? रोज," मावशी म्हणाल्या. "दुपारी ऊन असायचं ना खिडकीत, तिथं उभी राहून वाचायची."

"मग तुम्ही त्यांची पुस्तकं मोजली कशी नाहीत?"

"टेबलावर असती तर मोजली असती ना. ती पोरं काढलेलं पुस्तक काढल्या जागी ठेवून जायची, अगदी रेषेत. बाकीची कार्टी पसारा करून जातात. ही गुणी होती हो. मला कधी काम नाही ठेवलं त्यांनी." मावशींनी मनापासून कौतुक केलं.

बाई तिथंच स्टुलावर बसल्या. त्यांना सगळं एकदम कळलं, आणि कळायला काही अवघडही नव्हतं. दादाच्या विभागातली पहिली शिकवण त्यांना लहानपणापासून पाठ होती, कारण घरातसुद्धा तीच होती. उचललेला दगड उचलल्या खणातच परत गेला पाहिजे. खण चुकला तर तो दगड कुठल्या डोंगरातला, कुठल्या थरातला, हे कायमचं हरवतं. मग तो रस्त्यावरच्या दगडासारखाच. पहिल्या वर्षाच्या मुलाचा खण चुकला तर दादा त्याला आठवडाभर संग्रहाला हात लावू द्यायचा नाही. ती मुलं पाटी वाचूनसुद्धा पुस्तक टेबलावर टाकू शकली नसतील. त्यांचा हातच तसा वळला होता. पसारा करणाऱ्यांची मोजदाद झाली आणि नीट वागणारे शून्यात गेले. आणि मोजायची ही रीत बाईंनी स्वतः बसवली होती.

त्या तडक प्राचार्यांकडं गेल्या. नाकाचा रुमाल गळ्यात तसाच होता. हातात ते सैल झालेलं पुस्तक.

"आकडे चुकले, सर," त्या म्हणाल्या. "ही पुस्तकं वापरात होती. बघा. ही बघा तुम्ही."

प्राचार्यांनी पुस्तक घेतलं, उलटसुलट केलं. सगळं ऐकून घेतलं. वाईट माणूस नव्हता तो.

"बाई, आकडे तुमचेच होते."

"हो. म्हणूनच सांगते, माझे चुकले."

"मी मंडळाला काय सांगू? पुस्तकाचे कोपरे झिजलेत म्हणून सांगू? किती जणांनी वाचलं, काही आकडा आहे?"

"नाही."

"तुकडी बाहेर पडली. सर शाळेत रुजू होतील पुढच्या महिन्यात. दगड तळघरात गेले. आता कुणासाठी उघडायचं हे?" त्यांनी पुस्तक परत दिलं. "आणि खरं सांगू, आकडे वेगळे असते तरी पुढच्या वर्षी त्यांनी दुसरं काही शोधलं असतं. तुम्ही जिवाला लावून घेऊ नका. झिजलेली असतील तर रद्द करायला उलट सोपं जाईल, तेवढंच."

बाईंनी तरीही मंडळाला लिहिलं. योजनेतली चूक नीट समजावून, स्वतःचा दोष स्वतःवर घेऊन लिहिलं. उत्तर आलं ते योजनेच्या कौतुकाचं. मंडळाच्या बाकीच्या कॉलेजांतही ती सुरू करायची ठरली होती, आणि बाईंनी तिथल्या ग्रंथपालांना मार्गदर्शन करावं अशी विनंती होती. बाईंनी कपाळावर हात मारून घेतला.

दादाला त्यांनी यातलं एक अक्षर सांगितलं नव्हतं. आधी सगळं निस्तरू, मग सांगू, असं त्या स्वतःला बजावत होत्या. निस्तरायला काही उरलंच नाही, आणि एक दिवस रद्दीवाल्याची गाडी दारात येऊन उभी राहिली. रद्द पुस्तकं कुणाला देता येत नाहीत, घरी नेता येत नाहीत, हिशेबतपासणीत अडकतं. बाईंनी सही केली. गाडीत पोती टाकताना एक फुटलं आणि नकाशाची पानं अंगणभर झाली. मावशींनी ती गोळा केली, एकावर एक नीट लावली, आणि रद्दीवाल्याच्या हातात दिली.

तो शनिवार होता. रविवारी दुपारी नवरा झोपला होता आणि दादा पुढच्या खोलीत बसून बुटांना पॉलिश करत होता. उद्या शाळेत पहिला दिवस. बाई त्याच्यासमोर खाटेवर जाऊन बसल्या आणि त्यांनी सांगायला सुरुवात केली. कपाट, धूळ नव्हती ते, सैल बांधण्या, पानांतली माती, मावशी काय म्हणाल्या, सगळं सांगितलं.

दादाचा ब्रश थांबला. त्याच्या चेहऱ्यावर काय आलं ते बाईंना आधी ओळखूच आलं नाही, कारण दोन वर्षांत त्यांनी ते पाहिलं नव्हतं. तो खुश झाला होता.

"वाचत होती," तो म्हणाला. "अगं, वाचत होती की पोरं. आणि मी त्यांना मनातल्या मनात काय काय म्हटलं. पाठीला कापड लावलेलं म्हणालीस ना? तो उंच मुलगा असणार, त्याचे वडील बुकबाइंडर. अरे वा." तो थोडा हसला. "आणि जागेवर ठेवायची. बरोबर आहे. मीच शिकवलं तसं. म्हणजे विभाग मीच बुडवला म्हण."

"तू नाही, दादा. मी."

"कुठं आहेत ती पुस्तकं? मी एकदा येऊन बघतो. घरी आणू आपण, मी ठेवतो माझ्या खोलीत."

बाई म्हणाल्या, "काल गेली."

"कुठं?"

"रद्दीत. माझ्याच सहीनं."

दादाचं हसू गेलं होतं. रागही नव्हता, आणि राग असता तर बाईंना बरं वाटलं असतं. त्यानं बूट खाली ठेवला, ब्रश त्याच्या डबीत ठेवला, डबीचं झाकण लावलं.

"एक विचारू?" तो म्हणाला. "दोन वर्षं शून्य येत होतं. तू एकदा जिना चढून आमच्या कपाटांपर्यंत येऊन का नाही बघितलंस गं?"

बाईंनी खरं ते सांगितलं. लोक काय म्हणतील ते, बॅगवाला काय म्हणाला ते, सख्ख्या भावाच्या विभागासाठी वाकडं पाऊल पडायला नको म्हणून मुद्दाम त्या बाजूला फिरकले नाही ते.

दादानं मान हलवली. "म्हणजे दुसऱ्या कुणाचा विभाग असता, तर आली असतीस."

"हो," बाई म्हणाल्या. "आले असते."